जाळीआडची बायबिचे

आमच्या गावातल्या कुणाचाही जुना पासपोर्ट उघडून बघा, आतला माणूस नुकताच कुणाच्या तरी शिव्या खाऊन आल्यासारखा दिसेल. ते काम कालिचा एजेचं. एजे म्हणजे थोरली बहीण, पण तिला तिच्याहून थोरली माणसंही एजेच म्हणायची. सरोवराच्या दक्षिण काठावरच्या आमच्या बाजारात, खाटकाच्या दुकानाशेजारी तिचा फोटो स्टुडिओ होता. आत एक स्टूल, मागं पांढरी चादर आणि समोर एजे.

"हनुवटी खाली. कान दाखव. आणि हसतोस काय? सरकारला तुझं हसू नकोय."

लग्नाचे, शाळेचे, थडग्याच्या दगडावर कोरायचे, सगळे फोटो तिच्याकडे. कुणी म्हटलं, "एजे, जरा बरं काढा की," तर ती म्हणायची, "बरं हवं असेल तर बरं तोंड घेऊन ये."

पुढं सरकारनं पासपोर्टचे फोटो स्वतःच काढायला घेतले. कचेरीत एक खुर्ची आणि एक यंत्र आलं. त्या यंत्राच्या फोटोत माणसं आणखीच वाईट दिसायला लागली, पण भांडायचं कुणाशी? आधी निदान एजे तरी होती. बाकीचे फोटो लोक फोनवर काढायला लागले. स्टुडिओच्या जागी फोन दुरुस्तीचं दुकान आलं. एजे कॅमेरा घेऊन घरी गेली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिवसभर नवऱ्यासमोर बसली.

नवरा बैशेन, निवृत्त ट्रक ड्रायव्हर. माणूस भला, पण ट्रकमध्ये एकट्यानं मोठ्यानं बोलायची सवय लागलेली. ती घरातही गेली नाही. बातम्या सांगणाऱ्यांना तो उत्तरं द्यायचा, किटलीला दरडावायचा. आठवड्याभरात एजेला घराबाहेर पडायला काहीतरी कारण हवंसं झालं.

ते कारण जुमाकादिर घेऊन आला.

बसथांब्यामागं, बंद पडलेल्या आरोग्यधामाचं टेनिसचं मैदान आहे. तिथं टेनिस खेळणारं आता कुणी उरलेलं नाही, पण चारी बाजूंनी उंच तारेची जाळी तशीच आहे. जुमाकादिरनं वरूनही जाळी ताणली, मधे आडोसे घातले आणि जखमी शिकारी पक्षी ठेवायला सुरुवात केली. एक गिधाड होतं, दोन ससाणे, एक मोठं घुबड. आणि एक सोनेरी गरुड, मादी. रस्त्यावर मरून पडलेली मेंढी तिनं इतकी खाल्ली होती की समोरून ट्रक आला तरी तिला उडता येईना. डावा पंख सांध्यातून मोडला आणि वाकडाच जुळला. तो ट्रक आपला नव्हता, असं बैशेन कुणी न विचारता सांगायचा.

जुमाकादिर तिला बायबिचे म्हणायचा. आमच्यात घरच्या थोरल्या मालकिणीला बायबिचे म्हणतात. बैशेनही एजेला तेच म्हणायचा, त्यामुळं पुढं पुष्कळ घोटाळे झाले.

त्या हिवाळ्यात वरून हुकूम आला की, पिंजऱ्यातल्या प्रत्येक शिकारी पक्ष्याचं फोटोसकट ओळखपत्र पाहिजे. जुमाकादिर टोपी हातात घेऊन एजेच्या दारात उभा राहिला.

"एजे, माझ्या पोरांचे पासपोर्ट फोटो काढायचेत."

"किती पोरं?"

"पाच. हसत एकही नाही."

एजेनं तेव्हाच कोट चढवला.

पहिल्या दिवशीचे फोटो तिनं मला दाखवले. माझी पावाची भट्टी बसथांब्यासमोरच आहे. तिथून घरी जाताना ती गरम नान घ्यायला थांबायची. फोटोत गरुड नव्हता. गरुडाच्या आकाराची जाळी होती. घुबडाच्या दोन्ही डोळ्यांवर दोन तारा अशा आल्या होत्या की ते तुरुंगातल्या मास्तरासारखं दिसत होतं.

"आत जाऊन काढा ना," मी म्हटलं.

"जुमाकादिर जाऊ देत नाही. परका माणूस आत गेला की ती घाबरते, जाळीवर धडका देते, पिसं मोडून घेते म्हणाला." एजेनं नानचा तुकडा मोडला. "बरोबर आहे तिचं. माझ्या स्टुडिओत जागा असती तर अर्ध्या गावानं धडका दिल्या असत्या."

मग तिचं रोजचं जाणं सुरू झालं, सोबत मांसाचा तुकडा घेऊन. भट्टीच्या दारातून मला सगळं दिसायचं. ती जाळीशी उभी राहायची, लेन्स थेट तारेच्या भोकाला टेकवायची, आणि थांबायची. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं, तार लेन्सला अगदी चिकटलेली हवी आणि पक्षी तारेपासून लांब, म्हणजे तार विरघळते, हे तिला चुकतमाकत कळलं. तारेवर ऊन पडलं की तार पांढरी होऊन फोटोभर धूर पसरतो, हेही कळलं. म्हणून तिनं जाळीवर सावली धरायला बैशेनचा काळा कोट लटकवला. बैशेन बिचारा थंडीत दोन दिवस कोट शोधत होता. तिसऱ्या दिवशी त्याला तो बसमधून उतरणाऱ्या मेव्हण्यानं दाखवला.

"बायबिचे, माझा कोट पिंजऱ्याला का टांगलाय?"

"बायबिचेसाठी."

"म्हणजे तुझ्यासाठी?"

"तिच्यासाठी. तिच्या तोंडावर तार येते."

बैशेननं गरुडाकडं पाहिलं. गरुडानं बैशेनकडं पाहिलं. "हिला नवा कोट घेऊन दे," तो म्हणाला, "माझा परत कर." पण कोट तिथंच राहिला, आणि तो घरातली गोधडी पांघरून हिंडायला लागला.

ओळखपत्रं झाली. तपासनीस आला, पाचही चेहरे बघून म्हणाला की माझ्या पासपोर्टपेक्षा हे बरे आलेत. काम संपलं. तरी एजे जातच राहिली. बैशेननं विचारलं तेव्हा म्हणाली, "ती आजवरचं एकमेव गिऱ्हाईक आहे, जिनं नाक लहान करून मागितलं नाही."

खरं कारण जुमाकादिरला माहीत होतं. त्यानं मला एकदा सांगितलं. पहिले काही दिवस एजे जवळ आली की बायबिचे मैदानाच्या पार टोकाला जायची. मग जाईनाशी झाली. मग एके सकाळी एजेला सर्दी झाली म्हणून ती आली नाही, तर बायबिचे तिच्या उभं राहायच्या जागेसमोरच्या ओंडक्यावर दुपारपर्यंत बसून होती. जुमाकादिरनं हे एजेला सांगितलं, तर ती म्हणाली, "मांस कुणाकडं असतं हे तिला नीट कळतं, उगाच काही बोलू नकोस," आणि दुसऱ्या दिवशी सर्दी घेऊनच आली.

फेब्रुवारीत तो फोटो निघाला. रात्री बर्फ पडून गेलेलं, सकाळी वारा. बायबिचे ओंडक्यावर, वाकडा पंख नेमका पलीकडं. मानेवरची सोनेरी पिसं वाऱ्यानं उठलेली. मागं, मैदान संपल्यावर, दूरचा पांढरा डोंगर. समोरची जाळी विरघळलेली, मागची जाळी धुक्यात गेलेली. एकही तार दिसत नव्हती. फक्त फोटो खूप मोठा करून तिच्या डोळ्यात पाहिलं, तर तिथं बारीक चौकड्या होत्या, आणि चौकड्यांमधे डोक्याला रुमाल बांधलेली एक ठेंगणी बाई.

एजेची मुलगी जिबेक राजधानीत राहते. तिनं तो फोटो एका स्पर्धेला पाठवला. स्पर्धेचा विषय होता 'स्वातंत्र्य'. एजेनं खाली लिहायला सांगितलेला मजकूर तिनं जसाच्या तसा दिला: बायबिचे, गरुड, बसथांब्यामागचा पिंजरा, जाळीतून. आयोजकांकडं जागा कमी होती. त्यांनी फक्त 'बायबिचे' ठेवलं.

पहिलं बक्षीस मिळालं. चहाचं पाणी उकळायचा, विजेवरचा समोवार. एजे जिबेकबरोबर तो घ्यायला व्यासपीठावर चढली. सूत्रसंचालकानं विचारलं, "आई, हा स्वच्छंद जीव टिपायला या वयात किती उंच चढलात?"

"बसथांब्यामागं गेले," एजे म्हणाली.

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या.

"नम्रता पाहा!" सूत्रसंचालक म्हणाला.

"नम्रता कसली? टेनिसच्या मैदानात आहे ती. पंख मोडलाय तिचा."

आणखी टाळ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की, शिकाऱ्यांना घरट्याचा पत्ता लागू नये म्हणून थोर छायाचित्रकार बाई चतुराईनं विषय बदलतात. परीक्षकांपैकी एकानं डोळ्यातल्या चौकड्यांवर मोठा लेखच लिहिला. त्या चौकड्यांत त्याला आपल्या भटक्या पूर्वजांच्या तंबूचं छत दिसलं. त्या ठेंगण्या बाईत मातृभूमी दिसली.

बैशेननं तो लेख मोठ्यानं वाचला, बायकोकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मातृभूमी, चहा टाक."

उन्हाळ्याच्या आधी आमच्या अकीमनं, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य साहेबानं, तो फोटो गावाच्या वेशीवर घराएवढ्या फलकावर लावला. खाली अक्षरं: 'स्वतंत्र गरुडांची भूमी'. फलकाचा एक खांब बसथांब्याच्या अंगाला रोवला होता. म्हणजे फलकावरची बायबिचे आणि खरी बायबिचे यांच्यामधे बसथांबा आणि एक सार्वजनिक संडास, एवढंच अंतर.

त्या उन्हाळ्यात पाहुणे यायला लागले. गळ्यात तोफेएवढाले कॅमेरे. बसमधून उतरायचे, फलकासमोर उभे राहायचे आणि मग घोडे शोधायचे. घोडेवाल्यांची चंगळ झाली. ते त्यांना वरच्या कुरणांत न्यायचे, तिथं घोडीच्या दुधाचं आंबूस कुमिस पाजायचे, कावळे दाखवायचे आणि उन्हानं भाजलेले परत आणायचे. एजे त्यांना पिंजऱ्याशी भेटायची आणि दुभाष्यामार्फत सांगायची, "अहो, तोच पक्षी हा. इकडं या, लेन्स इथं टेकवा."

एकदा एक जोडपं जवळ आलं. बाईनं बराच वेळ बायबिचेकडं पाहिलं आणि दुभाष्याला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणते?" एजेनं विचारलं.

"म्हणते, हा तो नव्हे. याच्या डोळ्यात ते नाही."

"काय नाही?"

"स्वातंत्र्य."

एजे तिथून निघाली. माझ्या भट्टीवर येऊन बसली, मी दिलेला चहा प्यायली. मग म्हणाली, "तिच्या डोळ्यात मी होते. तेच कुणाला दिसलं नाही."

शरद ऋतूत खरी पंचाईत आली. राजधानीतला एक मोठा साहेब आमच्याकडं येणार असं ठरलं. अकीमनं रस्ता पाहिला, फलक पाहिला, मग फलकाच्या मागं पाहिलं. स्वतंत्र गरुडांच्या भूमीत शिरताना पाहुण्याला पहिला दिसणार तो पिंजरा! दुसऱ्या दिवशी जुमाकादिरला निरोप आला: उत्सवाच्या दिवशी सगळे पक्षी समारंभपूर्वक मुक्त करायचे, गरुड साहेबांच्या हस्ते.

जुमाकादिर पांढराफटक पडून एजेकडं गेला. दोघं मिळून अकीमच्या कचेरीत गेले. तिथं काय झालं ते एजेनं मला इतक्यांदा सांगितलंय की मी स्वतःच तिथं होतो असं वाटतं.

अकीमच्या खुर्चीमागं बायबिचेचा तोच फोटो, सोनेरी चौकटीत.

"साहेब, ती उडू शकत नाही," जुमाकादिर म्हणाला. "हातातून सोडली तर दगडासारखी खाली पडेल."

"सवय सुटली असेल. मोकळं सोडलं की येईल."

"साहेब, हाड मोडलंय, सवय नव्हे."

एजेनं भिंतीकडं बोट केलं. "ती ही आहे."

अकीमनं मागं वळून पाहिलं. "कोण ही?"

"तुमच्या डोक्यावरची. हीच ती, पिंजऱ्यातली. मी जाळीतून काढलाय. राजधानीत सांगितलं, पेपरवाल्यांना सांगितलं, आता तुम्हाला सांगते."

अकीमनं फोटो नीट न्याहाळला. मग उठला, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "एजे, हे अजून कुणाला सांगितलंय?"

"सगळ्यांना."

"कुणी विश्वास ठेवला?"

"नाही."

"मग हरकत नाही," अकीम म्हणाला आणि सुटकेचा श्वास टाकून बसला.

तसा तो दुष्ट माणूस नव्हता. फलक उभारला होता, पत्रिका छापल्या होत्या, मेंढ्या ठरल्या होत्या. मागं कसं फिरायचं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी तोड निघाली ती जुमाकादिरच्याच डोक्यातून. पलीकडच्या खोऱ्यात त्याचा चुलतभाऊ सादिर राहायचा. पिढीजात गरुड पाळणारा. त्याच्याकडं कोल्ह्याच्या शिकारीला शिकवलेला धडधाकट गरुड होता. पाहुण्या साहेबांनी तो सोडायचा. गरुड टेकडीवरून उडेल, आणि टेकडीच्या पलीकडं सादिर कोल्ह्याचं कातडं ओढत उभा असेल. गरुड तिकडं उतरेल, मांस खाईल, घरी जाईल. इकडच्या लोकांना दिसेल ते एवढंच, की गरुड डोंगराकडं गेला. पिंजरा तेवढा वेशीवरून हलवायचा, जुन्या लोकरीच्या गोदामामागं, कुणाला दिसणार नाही असा.

"म्हणजे खोटं," एजे म्हणाली.

"म्हणजे बायबिचे जिवंत," जुमाकादिर म्हणाला.

एजेनं होकाराची मान डोलावली. गोदाम तिच्याच घराच्या मागं होतं. हे बैशेनला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आता निदान कोट घरच्या घरी तरी राहील."

उत्सव नोव्हेंबरात झाला. टेकडीच्या पायथ्याशी तंबू, व्यासपीठ, मेंढीचं मांस उकळणारी भांडी, बोरसोकच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, राशी. पहाटेपासून मी पाव भाजत होतो. सादिर गरुड घेऊन आला, डोळ्यांवर चामड्याचं टोपरं घातलेला. त्यानं अकीमला दहादा बजावलं, "एक लक्षात ठेवा. माझ्या पक्ष्याला मी दोन दिवस उपाशी ठेवलाय. आसपास कोल्ह्याचं कातडं नको. टोपी नको, कॉलर नको, काही नको." अकीमनं लगेच पहिल्या रांगेतल्या सगळ्या थोरांच्या फरच्या टोप्या गोळा करून गाडीच्या डिकीत टाकल्या. थंडीनं लाल झालेले कान घेऊन थोर मंडळी मुकाट बसली. सादिर निश्चिंत होऊन टेकडीपलीकडं गेला.

एजेकडं सरकारी फोटोचं काम होतं. तिला व्यासपीठासमोर उत्तम जागा दिली होती. मी पाव पोचवायला गेलो तेव्हा ती तिथं नव्हती. शोधलं तर घोडे बांधायच्या कुंपणामागं, फळ्यांच्या फटीत लेन्स घालून उभी.

"पुढं जा की, एजे. आज मधे जाळी नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. "हात कुठं ठेवायचा कळत नाही."

भाषणं झाली. साहेब भला जाडजूड, हसरा माणूस. त्याला चामडी हातमोजा घातला, गरुड दिला. आणि आता सोडायचं, तेवढ्यात गावातल्या सर्वांत वृद्ध गृहस्थाला रीत आठवली. पाहुण्याचा मान राहिला होता! अंगावर भरजरी चोगा घालायचा आणि डोक्यावर टोपी. चोगा घातला. मग अकीमच्या बायकोनं मखमली पिशवीतून टोपी काढली. कोल्ह्याच्या कातड्याची, लालभडक, झुपकेदार, महिनाभर खपून शिवून घेतलेली. अकीम बायकोकडं बघत राहिला. लोकांदेखत तो काय बोलणार! टोपी साहेबांच्या डोक्यावर बसली.

जुमाकादिरनं टोपरं काढलं. साहेबांनी हात वर केला. गरुड उडाला, मोठा, सुंदर, टेकडीच्या दिशेनं. लोकांनी श्वास रोखला. टेकडीच्या माथ्यावर त्यानं एक वळसा घेतला. पलीकडं सादिरनं कातडं ओढलं असणार, पण सादिरचं कातडं जुनं, पाच हिवाळे वापरलेलं, आणि इकडं ही नवी टोपी उन्हात चमकत होती. गरुड वळला.

सादिर टेकडीवर पळत आला. छाती फोडून ओरडला, "टोप्या काढा! टोप्या काढा!"

लोकांना वाटलं, मुक्त गरुडाला मानवंदना द्यायची आहे. मैदानभर माणसांनी आपापल्या टोप्या काढून छातीशी धरल्या. म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. साहेबही हेलावला. त्यानं ती लाल टोपी काढली, मोजा घातलेल्या हातात धरली आणि उंच हलवून गरुडाला निरोप दिला.

शिकवलेल्या गरुडाला कातडं हलवून बोलवतात. गरुड आला. टोपी गेली. साहेब बसकण मारून खाली बसला, पण त्याला ओरखडासुद्धा आला नाही. गरुडानं व्यासपीठाच्या पायरीवर टोपी पंजात धरली, पंख पसरले आणि अस्तर फाडायला सुरुवात केली.

मैदानात चिडीचूप. आणि त्या शांततेत बैशेनचा आवाज, ट्रकमधल्यासारखा मोठा, "स्वतंत्र आहे तो, त्याला हवं ते घेईल!"

साहेब आधी हसला. मग सगळं मैदान हसलं. त्या प्रसंगाची शेकडो चित्रं संध्याकाळपर्यंत देशभर पोचली, लोकांच्या फोनमधून. एजेच्या कॅमेऱ्यात मात्र एक फळी, घोड्याचा कान आणि साहेबांची वर झालेली टाच एवढंच आलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. "मला थांबायची सवय," म्हणाली, "हे फार भराभर झालं."

अकीम पंधरवडाभर बदलीच्या हुकमाची वाट पाहत होता. झालं उलटंच. त्या टोपीनं साहेब घराघरात पोचला. जाईल तिथं तो स्वतःच गोष्ट सांगायचा, आणि खूश होऊन त्यानं आमच्या जिल्ह्याला गरुडांच्या संवर्धनासाठी निधी पाठवला. त्या निधीतून वेशीवर सिमेंटचा गरुड उभा राहिला. दोन्ही पंख पसरलेला, चोच पिवळी. एका पंखावर बसवाले आता ओले कपडे वाळत घालतात. उरलेल्या लोखंडी कांबी आणि जाळी जुमाकादिरनं मागून घेतली आणि गोदामामागं बायबिचेला पहिल्यापेक्षा दुप्पट जागा केली.

आणि त्या अडगळीत, जिथं ना बस, ना हॉर्न, ना लेन्स टेकवणारे पाहुणे, बायबिचेनं वसंतात काटक्या गोळा केल्या. घरटं केलं. अंडं घातलं. नर नाही, त्यामुळं अंडं फोल, पण ती त्यावर बसून राहिली. एजे सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा.

"काढून घे ना ते अंडं," ती जुमाकादिरला म्हणाली. "उगाच आशा."

"तिला कुठं माहितेय उगाच आहे ते?"

जूनमधे वरच्या कुरणातल्या एका मेंढपाळाची बायको बादलीवर फडकं बांधून आली. आत पांढऱ्या लवेचं, भुकेनं वाकलेलं गरुडाचं पिल्लू. वादळात कड्यावरून घरटं पडलं होतं. जुमाकादिरनं बायबिचेचं लक्ष मांसात गुंतवलं, अंडं उचललं आणि पिल्लू ठेवलं. मग आम्ही चौघं, एजे, बैशेन, जुमाकादिर आणि मी, एजेच्या स्वयंपाकघरात खिडकीला नाक लावून बसलो. बायबिचे परतली. पिल्लाकडं एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिनं सशाचा बारीक तुकडा तोडला आणि त्याच्या चोचीपुढं धरला.

एजेनं डोळे पुसले. "कांदा," म्हणाली. त्या घरात त्या वेळी कुणी कांदा चिरत नव्हतं.

पिल्लू वाढलं. पिसं आली, आई नसलेल्या आईनं त्याला मांस फाडायला शिकवलं, पंखांनी मारून बाजूला व्हायलाही शिकवलं. उडायला ती शिकवू शकत नव्हती. ते त्याचं त्यानं ओंडक्यावरून गोदामाच्या भिंतीपर्यंत धडपडत शिकून घेतलं. सप्टेंबरात जुमाकादिरनं त्याच्या बाजूची जाळी वरून उघडली. समारंभ नाही, भाषण नाही, फक्त आम्ही चौघं. एजेनं कॅमेरा तिवईवर लावून ठेवला. पिल्लू उघड्या जाळीखाली बसून राहिलं. सकाळ गेली. दुपार झाली. एजे म्हणाली, चहा घेऊ. आत जर्दाळूचा मुरंबा काढला, आणि त्यात बैशेन म्हणाला की बायबिचेला धडकलेला ट्रक हिरवा होता, त्याचा निळा. जुमाकादिर म्हणाला, रंगाचं तुम्हाला कसं माहीत? त्यावरून जी जुंपली ती जुंपलीच. भांडून बाहेर आलो तर ओंडका रिकामा.

वर, डोंगराच्या कडेला, एक काळा ठिपका कावळ्यांच्या टोळीतून वाट काढत चढत होता. पिंजऱ्यात बायबिचे मान वाकडी करून वर बघत होती. एजे कॅमेऱ्याकडं धावली आणि एकच फोटो काढला.

काही दिवसांनी अकीमला बातमी कळली. वेशीवरचा फलक पावसानं फिका पडला होता. त्यानं एजेकडं माणूस पाठवला, खरोखर मोकळ्या गरुडाचा फोटो आहे म्हणे, तो द्या. एजेनं दिला. माणूस तो घेऊन गेला आणि तासाभरात परत आला.

"एजे, अकीमसाहेब म्हणतात, यात नुसतं आभाळ आहे."

"नीट बघा म्हणावं. उजवीकडं वर."

"तो डाग?"

"तोच."

माणूस अवघडला. "साहेब म्हणतात, जुनाच पुन्हा छापून द्या. त्यात कसं स्वातंत्र्य स्पष्ट दिसतं."

एजेनं जुनाच छापून दिला. ठिपक्याचा फोटो तिनं स्वयंपाकघरात, चुलीच्या वर लावलाय. गेल्या आठवड्यात बैशेननं तो माशी समजून दोनदा फडक्यानं झटकला. आता ती त्याला तिथं फिरकू देत नाही.